उणे चार

सोहारला पहाटे साडेचारला
समुद्र दिसत नाही, त्याचा घाम दिसतो
खिडकीच्या काचेवर, बाहेरून.
बेड सहा. लतीफ सोलकर, बावन्न,
बंदरात क्रेन चालवायचा.
फॉर्मवर भाषेच्या रकान्यात
कुणीतरी लिहिलंय: इंडियन.

बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं.
सोयाबीनचं तेल, अंड्याचा बलक
आणि त्यात विरघळलेली झोप.
दर बारा तासांनी नळी बदलायची,
नाहीतर नासतं. दुधासारखंच.

झोपेला इथे माप आहे.
शून्य म्हणजे जागा आणि शांत.
अधिक चार म्हणजे नळ्या उपटणारा.
हाकेला डोळे उघडून पुन्हा मिटले, तर उणे दोन.
हाक पोचलीच नाही, खांदा दाबल्यावर
नुसता हलला, तर उणे चार.
डॉक्टर खालिसा सांगून गेल्या, उणे दोन,
त्याच्या खाली नको.
मी मिरजेची. आमच्याकडे उणं म्हणजे
पंगतीत कमी पडलेलं, सुनेचं काढलेलं.
खोली असते ती विहिरीला,
आणि तीही मे महिन्यात तळ दाखवते.

हर्णैहून त्याची बायको फोनवर विचारते,
"किती वाव खाली आहेत?"
मला वाव म्हणजे संधी, मोकळी जागा.
तिनं समजावलं: दोन्ही हात पसरले की एक वाव.
तशी मापत दोरी सोडायची समुद्रात.
मी त्याच्या हातांकडे पाहिलं,
कठड्याला मऊ पट्ट्यांनी बांधलेले.
अर्धा वावही भरला नसता.

गुरुवारी रात्री शीजा आजारी,
माझ्याकडे दोन बेड.
सातचा म्हातारा रक्त ओकत होता
आणि सहाचं मशीन किंचाळत होतं.
हा खोकत होता, नळी चावत होता,
माझ्याकडे बघत होता. बघत होता, म्हणजे
काहीतरी म्हणायचं असेल.
मी पंप आठवरून चौदावर नेला.
"झोपा हो आता," म्हणाले. मराठीत,
कारण ऐकणारं कुणी नव्हतं.
मग नोंद केली: रुग्ण अस्वस्थ.
खोटं नाही. त्या वाक्यात दोघं मावली असती,
मी एकालाच लिहिलं.

तो खाली गेला तसा वॉर्ड निवला.
पहाटे मला घोटभर चहा मिळाला.
चहा चांगला होता.
हे नंतर सांगायचं राहील, म्हणून आताच सांगते.

सकाळी पंप बंद केला.
नाव घेऊन हाक मारली, हिंदीत, इंग्रजीत.
तास गेला. दोन गेले.
खांदा दाबला. उणे चार.
बारा वाजता फोन त्याच्या कानाशी धरला.
पलीकडून ती म्हणाली, "अवो, उठा.
भरती लागली."
भुवई हलली. एवढंच.
त्या दिवशी एवढंच.

नळी निघाली ती मंगळवारी.
आवाज घोगरा, शेवाळ धरल्यासारखा.
म्हणाला, "होडी उलटली होती.
मी काठ धरून होतो.
कुणीतरी माझी बोटं सोडवत होतं,
एकेक करून.
बाईमाणूस. मराठी बोलत होती."

भास होतात, मी म्हणाले, औषधाचे.
हे खरं आहे, पुस्तकात आहे.
आणि त्याच हातानं
चमचाभर पाणी त्याच्या ओठांशी नेलं.
गिळेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला.
"गोडं आहे," म्हणाला.

आता त्या बेडवर सिल्हेटचा पोरगा आहे,
मचाणावरून पडलेला. उणे तीन.
मशीन ओरडलं की माझं बोट
आधी पंपाकडेच जातं.
दुसरा हात जातो पट्टीच्या गाठीकडे.
कुठला आधी पोचेल
ते त्या त्या रात्रीवर असतं.